गाजरगवताचं काम

"पप्पा, मी गाजरगवत झालोय," प्रीती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. पायांत अजून शाळेचे मोजे होते, दप्तर बाहेर खुर्चीवर फेकल्याचा आवाज नुकताच आला होता. धम्मपालनं चहाचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच धरून ठेवला. "मेन काम हाय," ती म्हणाली. "राक्षसाचं. शांभवी तुळस झालीय, पण तिला नुसतं उभं राहायचंय. मला लई डायलॉग हायत." काम कुणी दिलं, असं त्यानं विचारलं. सरनाईकबाईंनी, ती म्हणाली. गवत निर्मूलन सप्ताहाचं नाटक बाईंनीच बसवलं होतं आणि ते त्याच्याच रविवारच्या लेखावरून लिहिलं होतं. "बाई म्हणाल्या, तुझ्या पप्पांनीच लिहिलंय, तर राक्षस त्यांच्या घरचाच असूंदे. सगळ्या पोरी हसल्या." हे सांगताना प्रीती स्वतःही हसत होती. रूपाली ओट्यापाशी पाठमोरी होती. तिनं वळून न बघता विचारलं, "तुळस कोण म्हणालीस?" "शांभवी." "हां," रूपाली म्हणाली आणि पोळी उलटली. धम्मपालनं घोट घेतला. कपातल्या चहावर साय धरली होती. ती ओठाला चिकटली आणि त्याला उगाच शिसारी आली.

तसं बघितलं तर बाईंच्या बोलण्यात काहीच नव्हतं. लेख त्याचा होता, मुलगी त्याची होती, काम मोठं होतं. एखादा दुसरा बाप खूश झाला असता. तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता, गेली काही वर्षं गाजरगवतावर काम करत होता, आणि गावोगाव जाऊन हे गवत उपटा म्हणून सांगत होता. लोक त्याला 'गवताचे सर' म्हणत. बाईंनी सहज, विनोदानं म्हटलं असेल. पण सहज म्हणजे काय, हे त्याला आजवर कधी नीट ठरवता आलं नव्हतं. सहज म्हणून दिलेला धक्का आणि मुद्दाम दिलेला धक्का यांत फरक कसा करायचा? जागा तीच दुखते. वर्गात चाळीस मुलं होती. त्यांतली गोरी, व्यापाऱ्याची, शाळा कमिटीच्या अध्यक्षांची मुलगी तुळस झाली आणि त्याची सावळी, दांडगी, मोठ्या आवाजाची मुलगी राक्षस झाली. आवाज मोठा म्हणूनच दिलं असेल काम. असेल की. जाऊन विचारलं तर बाई डोळे मोठे करून म्हणतील, सर, तुम्ही पण ना. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं असं बघावं? मग आपणच लहान झालेलो असू. हे संभाषण त्यानं मनात इतक्या वेळा केलं की संध्याकाळपर्यंत ते होऊन गेल्यासारखं वाटू लागलं, आणि तो सरनाईकबाईंवर, त्या न बोललेल्या वाक्यांसाठीच, चिडून बसला.

लेख त्यानं पुन्हा काढून वाचला. मथळा होता 'पाहुणा नव्हे, राक्षस'. लिहिताना तो मथळा त्याला फार आवडला होता. पाहुणा म्हणून आला, ओसरीवर टेकला आणि बघता बघता घरात शिरला, असं पहिलं वाक्य होतं. पुढं एके ठिकाणी होतं, याला गाव नाही, गोत नाही, शीव ठाऊक नाही. ज्याला शीव ठाऊक नाही त्याला शिवेबाहेर घालवलंच पाहिजे. हे वाक्य वाचून प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून हात मिळवला होता. सर, शास्त्राचा माणूस इतकं रसाळ लिहितो, असं ते म्हणाले होते. आता छापलेल्या अक्षरांकडे बघताना त्याच्या ध्यानात आलं की यातला एकही शब्द त्यानं पुस्तकातून घेतला नव्हता. शिव्या द्यायला बसलं की माणसाच्या हाताशी तेच शब्द येतात, जे त्यानं ऐकून ऐकून अंगात मुरवलेले असतात. हे सगळे शब्द त्यानं कुणाकडून ऐकले होते, तेही त्याला ठाऊक होतं.

पण द्वेष खोटा नव्हता. ते त्यानं स्वतःशी पुन्हा पुन्हा घोळवलं. दुष्काळाच्या साली त्याचा बाप पिराजी शाहूवाडीकडचं गाव सोडून बायकोपोरांसह पूर्वेला खडी फोडायच्या कामावर गेला होता. तिथं अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरताना खरखरायची. धम्मपाल त्या भाकरीवर वाढला. परदेशी धान्याच्या पोत्यांतूनच गाजरगवताचं बी या देशात आलं असं म्हणतात. वर्गात तो हे दर वर्षी सांगायचा आणि आपणही त्याच पोत्यावर वाढलो हे कधी सांगायचा नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? दुष्काळ सरल्यावर ते गावी परतले आणि पुढच्या काही वर्षांत गवतही तिथं पोचलं. आधी रस्त्याकडेला, मग गावाबाहेर त्यांच्या वस्तीच्या मोकळ्या जागेत, मग उसात, भुईमुगात. त्याची आई तानाबाई भांगलायला, लोकांच्या शेतातलं तण काढायला, जायची. हातांनी उपटायची ते. पहिल्यांदा मनगटं खाजू लागली, मग मान, मग पापण्या. खाजवून खाजवून कातडं जाड झालं, काळं पडलं, जुन्या बाभळीच्या सालीसारखं भेगाळलं. पापण्या इतक्या सुजायच्या की सकाळी बोटांनी उघडायला लागायच्या. गावातल्या बायका म्हणाल्या, देव टाकलं न्हवं ह्येंनी, भोगा म्हणावं आता. पोरं तिला लांबून बघून पळायची, राक्षीण आली, राक्षीण आली. "आदी सावली नगं हुती," आई एकदा चुलीपुढं बसून म्हणाली होती, "आता त्वांडबी नगं झालं." ती रडत नव्हती. शेंगा भाजत होती. हातानं राखेतून शेंगा काढायची, कारण त्या कातड्याला भाजलेलं कळत नव्हतं.

बी.एस्सी.ला असताना भिंगाखाली त्यानं त्या गवताच्या देठावरचे बारीक केस बघितले, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. या केसांनी माझ्या आईचं तोंड खाल्लं. त्या दिवसापासून तो या गवताच्या मागं लागला. आणि लवकरच त्याला एक गोड गोष्ट कळली: या द्वेषाला कुणाची हरकत नव्हती. बाकी कशाचाही राग आला तर तो गिळावा लागायचा, त्याचं कारण द्यावं लागायचं, पुरावा द्यावा लागायचा. गवताचा राग मात्र भर सभेत, माईकवरून करता येत होता. समोर पाटील, देसाई, व्यापारी, तालमीतले वस्ताद बसायचे आणि तो म्हणायचा, उपटून काढा, जाळून टाका, मुळासकट नष्ट करा. आणि ते टाळ्या वाजवायचे. आयुष्यात उघड उघड, टाळ्या घेत द्वेष करता येईल अशी त्याला हीच एक गोष्ट मिळाली होती. त्या सभांमध्ये तो आणि ते एका बाजूला असायचे आणि परका तो दुसरा, पांढऱ्या फुलांचा, दाराबाहेर उभा. त्या तासाभराची ऊब त्याला आठवली. लाज वाटावी इतकी ती चांगली वाटायची.

नोकरी लागली तेव्हा तो शिवाजी पेठेत खोली बघायला गेला होता. तालमीच्या अलीकडं, दोन बोळ ओलांडून. मालक गणपतराव पायरीवर बसून पेपर वाचत होते. "या, या, पावणं," ते उठून म्हणाले होते. "कॉलेजात मास्तर म्हंजे आमचं नशीबच की." खोली वरच्या मजल्यावर होती, वारा छान होता, खिडकीतून कुणाच्या तरी परसातलं पारिजातकाचं झाड दिसत होतं. ते खाली येऊन बसले. आतून चहा आला. मग गणपतरावांनी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. गणपतरावांचा चेहरा अजिबात बदलला नाही, हेच त्याच्या सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं होतं. "च्या घ्या की पावणं, गार हुतोय," ते तितक्याच प्रेमानं म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आमचा भाचा येणार हाय बघा गारगोटीस्नं, शिकायला. मंडळी सांगायची इसरली. न्हायतर तुमालाच दिली असती." तो चहा त्यानं पूर्ण प्याला. उठताना नमस्कार केला. पाहुणा म्हणून आला आणि ओसरीवरूनच परत गेला. लेखातल्या त्या पहिल्या वाक्याच्या वेळी हा माणूस आपल्या डोळ्यांपुढं होता का? नसावा. किंवा असावा, आणि आपण त्याच्या जागी बसून बघत असू.

आठवडाभर प्रीती पडवीत उभी राहून पाठांतर करत होती. "मी आलो सातासमुद्रापलीकडून. तुमची माती खाईन, तुमचं पाणी पिईन, तुमच्या लेकरांच्या अंगावर फोड उठवीन." आवाज खरंच दणदणीत होता. शेजारचे लोक कंपाउंडपाशी थांबून ऐकत. धम्मपाल आत पेपर तपासण्याचं नाटक करत बसायचा. एका संध्याकाळी ती मध्येच थांबली आणि आत आली. "पप्पा, शेवटी सगळे म्हणतात, चल, शिवेबाहेर हो. मग मी पळत आत जातो. पण शिवेबाहेर म्हंजे कुठं?" "बाहेर. गावाच्या बाहेर," तो म्हणाला. "तिथं काय असतंय?" "काही नसतं. मोकळी जागा." "आजीचं घर तिथंच होतं न्हवं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. भूगोलाचा प्रश्न विचारावा तसं तिनं विचारलं होतं. आजी गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. धम्मपाल म्हणाला, "ते वेगळं. जा, पाठ कर." ती गेली. रूपालीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "सांगा की तिला," ती म्हणाली. "काय वेगळं ते. मलाबी ऐकायचंय." त्यानं पुढचा पेपर ओढला, तेव्हा ती म्हणाली, "जाऊन बाईंना म्हणा, काम बदला." "कारण काय देऊ?" तो म्हणाला. "तिला काम आवडलंय. पाठ पण झालंय." "तिला न्हाय, तुमाला आवडलंय," रूपाली म्हणाली. "लेख तुमचा, नाटक तुमचं, आणि वर तुमी प्रमुख पाहुणे. मी येणार न्हाय बघा. मला ड्युटी हाय." तिला त्या दिवशी ड्युटी नव्हती.

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. श्रावणातलं ऊन, मध्येच भुरभुर, पुन्हा ऊन. पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी सोमेशअण्णा बसले होते, कमिटीचे अध्यक्ष, शांभवीचे वडील, गुळाचे व्यापारी. माणूस मोकळा होता. त्यानं धम्मपालच्या मांडीवर हात ठेवून लेखाचं कौतुक केलं. "शांभवीला तुमच्या पोरीचं लई कौतुक," तो म्हणाला. "घरी सारखं प्रीती असं करते, प्रीती तसं करते." धम्मपाल हसला. त्याला वाटलं, आपण उगाचच इतके दिवस जळत होतो. हे लोक वाईट नाहीत. तेवढ्यात ढोल वाजला आणि प्रीती पुढं आली.

तिच्या अंगात गोणपाटाचा झगा होता. तोंडाला काजळी फासली होती, हे त्याला अपेक्षित होतं. पण काजळीच्या खाली तिनं डिंक आणि राख लावली असावी, कारण कपाळावरचं, गालांवरचं कातडं वाळून भेगाळलं होतं, आणि पापण्या जड दिसत होत्या. हे बाईंना सुचलेलं नव्हतं. बाईंनी तानाबाईला पाहिलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीनं त्या तोंडाला गाल लावून झोपताना काय काय साठवून ठेवलं होतं कोण जाणे. त्याची आई स्टेजवर आली आणि मांडव हसला. तो खुर्चीत थोडा पुढं सरकला. मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. प्रीतीच्या गळ्यात, कमरेला, डोक्याभोवती माळा होत्या, आणि त्या कागदाच्या नव्हत्या. कापलेल्या गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं, ताज्या देठांवर तेच केस. कुणीतरी सकाळी मैदानाकडेचं गवत उपटून तिला सजवलं होतं. भर फुलोऱ्यातलं. गळ्याला, उघड्या मानेला घासत होतं ते.

उठून थांबवायला हवं होतं. त्या मांडवात हे कळणारा तोच होता. दोन पावलांवर स्टेज होतं; माळा काढा, हे विषारी आहे, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणण्याचा त्याला अधिकार होता, शास्त्राचा अधिकार. पण सोमेशअण्णा त्याच्या कानाशी वाकून म्हणत होते, "काय कडक काम करतीया, सर. आवाज बघा." आणि धम्मपालला वाटलं, नाटक अर्ध्यात थांबवलं तर लोक म्हणतील, पोरीला राक्षस केलेलं झोंबलं. नेमकं तेच म्हणतील. थोडाच वेळ आहे. घरी जाऊन साबणानं धुता येईल. तो बसून राहिला. त्याच्या मांड्या घट्ट झाल्या होत्या, उठायच्या तयारीत, आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

शांभवी हिरव्या साडीत, हातात तांब्या घेऊन आली. मुलांनी घेर धरला. "चल, हो शिवेबाहेर," सगळी एका सुरात ओरडली. प्रीतीनं लिहिल्याप्रमाणं किंकाळी फोडली, विंगेपर्यंत धावली आणि थांबली. मग परत वळली आणि स्टेजच्या मधोमध मांडी घालून बसली. "मी न्हाय जात," ती म्हणाली. "शिवेबाहेर माझी आजी राहत होती. तिला ह्याच गवतानं खाल्लं. तुमची शेतं भांगलताना खाल्लं. मग मी कुठं जाऊ ते सांगा." मागून कुणीतरी शिट्टी मारली. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. विंगेतून सरनाईकबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "प्रीती, जा गं. आत जा." ती हलली नाही. घेरातल्या दोन थोराड पोरांनी तिचे दंड धरले आणि तिला फरफटत नेलं. गोणपाट खांद्यावर फाटलं, माळ तुटून स्टेजवर पडली. मांडव टाळ्यांनी दणाणला. सोमेशअण्णा टाळ्या वाजवत होते, पलीकडं बसलेले कॉलेजचे प्राचार्य वाजवत होते, आणि धम्मपालनं खाली पाहिलं तेव्हा त्याचेही हात वाजत होते. विंगेत शिरता शिरता प्रीतीनं पहिल्या रांगेकडं बघितलं होतं. तिला ते दिसलं, याबद्दल त्याला शंका नव्हती.

मग त्याला बोलायला बोलावलं. माईकपाशी जाईपर्यंत त्याच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. ती कोण, तिची आजी कोण, भांगलायला कोण जात होतं आणि शेतं कुणाची होती. समोर ओळखीची प्रसन्न तोंडं होती. पाऊस भुरभुरत होता, लोकांना घरी जायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा त्याच्या तोंडून दर सभेतलं भाषण निघालं, कुठंही न अडखळता. या गवताशी दयामाया नको. फुलोऱ्यावर यायच्या आत, कोवळं असतानाच, मुळासकट उपटा. ते वाक्य बोलताना त्याला ते ऐकू आलं, आणि तरी त्यानं ते नेहमीप्रमाणं दुसऱ्यांदा, सावकाश, ठासून म्हटलं. टाळ्या पडल्या.

स्कूटरवर प्रीती मागं बसली, पण नेहमीसारखी त्याच्या कमरेला धरून नव्हे. स्टेपनीच्या दांडीला धरून. तोंड धुवायला तिनं नकार दिला होता. रंकाळ्याच्या चौकात लोक वळून बघत होते. "छान केलंस काम," तो मान न वळवता म्हणाला. घरी रूपालीनं दार उघडलं, मुलीकडं बघितलं, आणि तिला हाताला धरून मोरीत नेलं. खोबरेल तेल, साबण, गरम पाणी. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी मान लाल झाली, तिसऱ्या दिवशी फोड आले. डॉक्टरांनी मलम दिलं, फार काही नाही म्हणाले, पण पुन्हा संपर्क आला तर वाढेल. मान झाकेल असा पांढरा रुमाल बांधून प्रीती कॉटवर बसून राहिली. शाळेत पोरी तिला गाजरगवत म्हणू लागल्या होत्या, हे तिनं नव्हे, शांभवीनं फोनवर रूपालीला सांगितलं, आणि सांगताना ती पोर रडली. त्या दिवशी धम्मपाल कपडे बदलून शाळेत गेला. वाटेत त्यानं सगळं जुळवलं होतं. राक्षस म्हणून तिलाच का निवडलंत, इथून सुरुवात करायची. घरचाच असूंदे म्हणजे काय, ते विचारायचं.

सरनाईकबाईंनी त्याला खुर्ची दिली. फोडांचं ऐकून त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "अगं बाई. शप्पथ सांगते सर, मला माहीत नव्हतं. पोरांनी हौसेनं माळा केल्या. लेकरू बरं आहे ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धम्मपाल म्हणाला, बरी आहे. मग तो देठावरच्या केसांबद्दल सांगू लागला, त्यातल्या विषारी द्रव्याबद्दल, हातमोजे वापरावेत याबद्दल. ते सोपं होतं, पायाखालची जमीन पक्की होती, आणि तो बोलत राहिला. बाई मान डोलावत ऐकत होत्या. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. बोलून झाल्यावर तो थांबला. बाईही थांबल्या, अजून काही आहे का अशा नजरेनं. "बाकी काही नाही," तो म्हणाला. बाईंना हायसं वाटलं. "पुढच्या वर्षी कागदाची फुलं करू, सर," त्या म्हणाल्या. "नाटक फारच गाजलं हो. कमिटीनं दर वर्षी करायचं ठरवलंय." "हो," धम्मपाल म्हणाला. "कागदाची चालतील." आणि निघताना त्यानं त्यांचे आभार मानले.

घरी प्रीती खिडकीपाशी बसली होती. रूपाली तिच्या मानेला मलम लावत होती. दोघींनी त्याच्याकडं पाहिलं. "काय म्हणाल्या बाई?" प्रीतीनं विचारलं. त्यानं चपला काढल्या, त्या भिंतीला नीट लावून ठेवल्या. "वाईट वाटलं त्यांना," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी कागदाची फुलं करणार आहेत."

प्रीतीनं आईचा हात मानेवरून हळूच बाजूला केला. "म्हंजे पुढच्या वर्षीपण मीच," ती म्हणाली.